शाळेत शिरलेलं पाणी

१

पाणी शाळेत शिरलं, आणि खोलीतल्या पाचही जणांनी ते पाहिलं.

शाळा होती काडेपेटीएवढी. प्लास्टरची, पिवळी, खिडक्यांच्या जागी ब्रशच्या टोकाने दिलेले ठिपके. पण पाणी खरं होतं. नीळ घातलेलं, झारीतून पडलेलं. ते मॉडेलच्या वरच्या रस्त्यावरून उतरलं, चौकात आलं, आणि उजवीकडच्या खोलगट मैदानात जायचं सोडून सरळ डावीकडे वळलं. शाळेचं फाटक, शाळेचं अंगण, शाळेची पायरी. मग शाळेमागची घरं, एकेक करत. मैदान मात्र कोरडं ठणठणीत.

"थांबव," मोठ्या बाई म्हणाल्या.

झारी धरलेली मुलगी थांबली. शहराच्या आराखडा कार्यालयात येऊन तिला सहा महिने झाले होते, तरी सगळे तिला अजून 'नवी'च म्हणत. तिच्या हातातली झारी तिरकीच राहिली होती आणि शेवटचे थेंब तिच्याच चपलेवर पडत होते.

मोठ्या बाई म्हणजे शहरातल्या सगळ्या बांधकामांवर शेवटची सही करणाऱ्या. यायच्या होत्या दुपारी चारला, आल्या सकाळी अकराला. ही तालीम कार्यालयातल्या कार्यालयात व्हायची होती. बाई न सांगता येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि तालमीची परीक्षा झाली.

"दोन वर्षांपूर्वी एका दुपारी महिन्याचा पाऊस पडला," त्या शांतपणे म्हणाल्या. "ओढ्याकाठच्या वस्तीत खऱ्या शाळेत फळ्यापर्यंत पाणी होतं. तुम्ही मला सांगितलंत, आपण पुरुषभर खोल मैदान करू. एरवी मुलं खेळतील, कडेच्या झाडांनी उन्हाळ्यात वस्ती गार राहील, आणि पाऊस आला की सगळं पाणी मैदान पिऊन टाकेल. बरोबर?"

"हो," नवी पुटपुटली.

"हे तर शाळा पिऊन टाकतंय."

खिडकीपाशी उभे असलेले पंपवाले खाकरले. ते सांडपाणी खात्याचे इंजिनिअर. मैदानाच्या जागेवर त्यांना काँक्रीटची उंच भिंत आणि सहा पंप हवे होते.

"काल दुपारी हेच पाणी मैदानात गेलं होतं," नवी म्हणाली. "मी स्वतः सोडलं होतं."

"मग पाण्याने एका दिवसात विचार बदलला म्हणायचा." बाईंनी चष्मा काढला. "एक तर तुमचं मैदान खोटं आहे, नाहीतर कुणीतरी खोडी केली आहे. चार वाजता मी सही करणार. मैदानावर किंवा भिंतीवर. त्याआधी काय ते मला सांगा."

त्या गेल्या. दार लागलं. आणि मग, कुणी ठरवलं नव्हतं तरी, तीन जोडी डोळे एकाच बाजूला वळले: कोपऱ्यात उभ्या असलेल्या नकाशेवालीकडे.

२

तसे ते वळणारच होते. कारण मैदान मुळात नकाशेवालीचं होतं.

वस्तीत चिखल तुडवत हिंडली ती. मैदानाची पहिली रेघ मारली ती तिने. लोकांना नकाशे कळत नाहीत, पाणी कळतं, तर आपण मॉडेलवर खरंच पाणी सोडून दाखवू, ही टूमही तिचीच. मग तिला दिवस गेले, बाळ झालं, सहा महिन्यांची रजा झाली. परत येऊन तीन आठवडे झाले होते, आणि तिच्या खुर्चीत नवी बसत होती.

नुसती बसत नव्हती. खुर्चीची उंची तिने आपल्या बेताने करून घेतली होती. खिडकीतल्या नकाशेवालीच्या रोपाला पाणी घालत होती, आणि ते मेलं तिच्या हाताखाली कधी नव्हे ते फुललं होतं! नकाशेवालीला मिळालं होतं दाराजवळचं टेबल, जिथे येणारा जाणारा विचारत असे, "काय ताई, बाळ कसं आहे?" कामाचं विचारायला सगळे पुढे खिडकीशी जात.

जाताना तिने नवीसाठी कामाचं टिपण लिहून ठेवलं होतं. नऊ पानं, सुवाच्य अक्षरात. सगळं लिहिलं होतं. जवळजवळ सगळं.

आता तिला एकच गोष्ट टोचत होती. पाणी डावीकडे वळलं तेव्हा, अगदी पापणी लवायच्या आत, तिला बरं वाटलं होतं. वस्ती, शाळा, फळा, सगळं तिला त्यानंतर आठवलं. आधी बरं वाटलं. इतकं, की डोकं चालायचंच थांबलं.

"ताई," पंपवाले म्हणाले, "कुणी काही बोलत नाहीये, म्हणून मीच विचारतो. सकाळी तुम्ही या खोलीत होतात?"

"होते. सव्वादहाला. रोज असते."

मॉडेलच्या खोलीला लागून एक कोठी होती. रंगाचे डबे, प्लास्टरची पोती, एक स्टूल. अख्ख्या इमारतीत आतून कडी असलेली आणि कुणी दार न ठोठावणारी तेवढी एकच जागा. तिथे बसून ती दिवसातून दोनदा बाळासाठी दूध काढे, बाटली बाहेर आणून मॉडेलच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवी, हात पुसून वेळेची चिठ्ठी चिकटवी आणि बाटली फ्रिजमध्ये नेई. आज सकाळी चिठ्ठी चिकटवताना तिला बाटलीतलं दूधसुद्धा तिरकं उभं दिसलं होतं. चार तासांच्या झोपेवर डोळे आणखी काय करणार, असं म्हणून तिने ते चोळले होते.

"म्हणजे मॉडेलपाशी एकट्या होतात," नवी हळूच म्हणाली.

"एकटी कशी? काका होते."

"काका काय, काका असतातच," पंपवाले म्हणाले.

मॉडेलकाका मान खाली घालून स्पंजने शाळेतलं पाणी टिपत होते. तीस वर्षं ते या खोलीत शहराची छोटी छोटी शहरं करत आले होते. हात मेणाने कायम गुळगुळीत, कारण प्लास्टर पाणी पिऊ नये म्हणून ते प्रत्येक रस्त्यावर मेण घासत. काम इतकं नेटकं, की रंगाचा डबा उघडण्याआधीही झाकणावर आणि डब्यावर मिळून एक पेन्सिलची रेघ मारत. परत लावताना रेघेला रेघ जुळवायची. आज मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. स्पंज पिळायचं सोडून ते नकाशेवालीकडे बघत राहिले, काहीतरी मागितल्यासारखे.

"मी केलेलं नाही," ती म्हणाली.

कुणीच "नाही नाही ताई, तसं नाही" म्हटलं नाही. तेव्हा तिला कळलं, हे कुणी केलं ते चारच्या आत आपल्यालाच शोधायला हवं. नाहीतर वस्तीच्या उरावर भिंत येईल, आणि ती कुणामुळे आली हे विचारलं की बोट आपल्याकडे दाखवलं जाईल.

३

आधी तिने मॉडेल वरून खालपर्यंत तपासलं. कुणी रस्त्यात प्लास्टरचा उंचवटा केला असेल, मैदानाच्या तोंडाशी मेण भरलं असेल. बोट फिरवलं, भिंग लावलं. काहीच नाही. एक घर हललेलं नव्हतं, एक झाड वाकलेलं नव्हतं. जसं होतं तसं, आणि तरी पाणी चुकीचं.

मग ती पंपवाल्यांच्या खोलीत गेली. तिथे टेबलावर एक पंप उघडून ठेवलेला होता आणि पंपवाल्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या ग्रीसने माखलेले होते.

"या, बसा. मला पकडायला आलात ना?"

"विचारायला आले."

"विचारा की. भिंत मला हवी आहे. मैदान बुडालं तर मला आनंद आहे. पण ताई, मला तुमचं मैदान बुडवायचं असतं तर मी चारचौघांत बुडवलं असतं, पंप लावून." ते स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसले, मग गंभीर झाले. "आणि खरं सांगू का? कालपर्यंत मला तुमचा हेवा वाटत होता. एवढं तीस-तीस वर्षं पंप चालवले, पावसात उभा राहिलो. एका माणसाने पंपाचा फोटो काढला नाही. तुमच्या मैदानाचा मात्र नुसता नकाशा बघायला वस्तीतल्या बायका आल्या, मुलं घेऊन."

"काल संध्याकाळनंतर तुम्ही मॉडेलच्या खोलीत गेला होता?"

"आजची तालीम सोडली तर मी त्या खोलीत शेवटचा गेलो तुमचं टेबल तयार झालं तेव्हा. दीड वर्ष झालं. नाही म्हणायला आमचा एक मेलेला पंप तेव्हा तुमच्या कामी आला. आठवतंय ना?"

तिला आठवत नव्हतं. आठवायला हवं होतं, असं मात्र वाटून गेलं. तेवढ्यात फोन वाजला. घरून, सासूबाई.

"अगं, हा झोपतच नाहीये बघ. मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, फेऱ्या मारून पाय दुखले. काय करू गं?"

"फोन त्याच्या कानाशी धरा," ती म्हणाली, आणि बाहेर जिन्यात जाऊन तोंड मिटून घुमायला लागली. ह्म्म्म, ह्म्म्म. दोन मिनिटांत पलीकडून कुजबुज आली, "झोपला."

तिला बरं वाटलं. रोज वाटे. बाळ कसं झोपतं याची खरी खूण तिने सासूबाईंना सांगितलीच नव्हती: टाळूवर हलकेच हनुवटी टेकवायची आणि मग घुमायचं. विसरली नव्हती. सांगावंसं वाटलं नव्हतं. दिवसभर बाळ त्यांचं, निदान झोप तरी आपली.

जिन्यात फोन खिशात टाकताना तिने वर पाहिलं. वरच्या पायरीवर नवी उभी होती. डोळे लाल, आणि हातात नकाशेवालीने लिहिलेलं नऊ पानांचं टिपण.

४

"यात काहीतरी नाहीये," नवी म्हणाली. "सकाळपासून तीनदा वाचलं. तुम्ही काहीतरी लिहिलं नाहीत, ताई."

नकाशेवालीला ते झोंबलं. पण राग आधी वर आला. "वा! म्हणजे झारी तुझ्या हातात, मॉडेल तुझ्या ताब्यात, आणि चूक माझ्या अक्षरात?"

"तुम्हाला मी आवडत नाही, हे मला माहीत आहे."

"माझी खुर्ची तुला आवडते, हे मलाही माहीत आहे."

"मला खुर्ची देणाऱ्यांनी दिली. मी मागितली नव्हती!" नवीचा आवाज चढला आणि लगेच खाली बसला. ती पायरीवर टेकली. "तुम्हाला काय वाटतं, मला मजा येते? वस्तीत गेले की पहिला प्रश्न, ताई कधी येणार. म्हाताऱ्या बायका माझ्या हातावर हात ठेवून विचारतात, ताईंचं बाळ बरं आहे ना. तीन महिने मी त्यांच्या गल्ल्या मोजतेय, आणि मैदानाला नाव काय पडलंय? ताईंचं मैदान. इतकी जळते ना मी कधी कधी, की तुमच्या त्या रोपाला दोनदा पाणी घातलं, सडून मरावं म्हणून."

नकाशेवाली बघतच राहिली. "म्हणून ते फुललं?"

"मेलं तेसुद्धा तुमच्याच बाजूचं," नवी म्हणाली, आणि दोघींनाही नको असताना हसू आलं.

हसू ओसरल्यावर नकाशेवाली तिच्या शेजारी बसली. "आज पाणी सोडायच्या आधी तू काय काय केलंस? एकेक सांग."

"तुमच्या टिपणाप्रमाणे. झारी भरली, नीळ घातली, पाणी मोजलं. मॉडेलवरची धूळ पुसली. काका म्हणाले, सगळं तयार आहे."

"काका काही वेगळं बोलले?"

नवी विचारात पडली. "आज नाही. परवा मात्र जरा... मी त्यांना चांगलीच बातमी दिली होती. म्हटलं, काका, पुढच्या कामापासून आपण पाणी पडद्यावर दाखवू, संगणकात. तुम्हाला आता प्लास्टर कालवायचा त्रास नाही. तर म्हणाले, बरं झालं. आणि दिवसभर एक शब्द नाही."

घड्याळात तीन वाजून गेले होते. नकाशेवालीचं अंग भरून आलं होतं. बाळाच्या वेळेला शरीर घड्याळाआधी आठवण करून देतं. "आलेच," ती म्हणाली आणि कोठीकडे धावली.

पंधरा मिनिटांनी ती बाटली घेऊन बाहेर आली. नेहमीप्रमाणे मॉडेलच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, आणि चिठ्ठी चिकटवायला वाकली तशी वाकलेलीच राहिली.

दूध पुन्हा तिरकं उभं होतं.

५

बाटलीवर मापाच्या लाल रेघा होत्या. एका अंगाला दूध ऐंशीच्या रेघेला टेकलेलं, दुसऱ्या अंगाला रेघेच्या चांगलंच वर. तिने डोळे चोळले नाहीत या वेळी. बाटली उचलली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. दूध रेघेला रेघ. परत टेबलावर आणली. तिरकं.

शाळेच्या बाजूला कललेलं.

"देवा," ती म्हणाली. मॉडेलमध्ये काही बदललं नव्हतंच. मॉडेल ज्यावर उभं होतं ते अख्खं टेबल कललं होतं.

टेबलाला चारही बाजूंनी जमिनीपर्यंत निळं कापड लावलेलं होतं. तिने ते वर केलं आणि गुडघ्यांवर खाली शिरली. आणि मग तिला पंपवाल्यांचा मेलेला पंप आठवला. टेबल हवं तसं सपाट करता यावं म्हणून तिनेच हट्ट धरला होता. पंपवाल्यांनी भंगारातल्या पंपाचे जाड स्क्रूचे पाय दिले होते, काकांनी ते टेबलाला बसवले होते. पाय फिरवला की कोपरा वर, उलटा फिरवला की खाली. पाणी सोडायच्या आधी प्रत्येक वेळी ती खिळ्यावरची पाणसळ काढून टेबलावर ठेवी, आतला बुडबुडा मधोमध आला की मगच झारी उचले.

आणि हेच ते. नऊ पानांत नसलेलं. लिहिताना पेन या ओळीशी थांबलं होतं, आणि तिला वाटलं होतं, असू दे. एवढं एक आपल्याजवळ असू दे. अडली तर फोन करेल.

टेबलाखालच्या निळसर अंधारात तिचे कान तापले.

तिने मोबाईलचा उजेड पाडला. शाळेच्या बाजूचे दोन पाय जुनेच, गंजलेले. मैदानाच्या बाजूचे दोन पाय मात्र उंच झालेले, दीडेक बोट, आणि गंजाखालून स्क्रूची लख्ख धातू बाहेर आलेला. तिने बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं. वास घेतला. ग्रीस नव्हतं. मेण.

आणि लाकडावर, पायाच्या अगदी कडेला, बारीक पेन्सिलीच्या चार रेघा. दुसऱ्या पायाशीही चार. कुणीतरी आटे मोजून फिरवले होते. चार इकडे, चार तिकडे.

कुणी केलं हे तिला आता कळलं होतं. त्याहून वाईट म्हणजे का केलं तेही कळलं होतं, कारण ते कारण तिच्या स्वतःच्या ओळखीचं होतं.

६

काका कोठीच्या दारात स्टुलावर बसले होते, हात मांडीवर.

"काका, या पायांची माहिती तिघांना," ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसत म्हणाली. "मला, पंपवाल्यांना, तुम्हाला. नवीला नाही, कारण मी तिला सांगितलंच नाही. पंपवाल्यांनी फिरवले असते तर ग्रीसचा डाग पडला असता. आणि त्यांना मैदान कायमचं बुडायला हवं होतं. त्यांनी आटे मोजून रेघा कशाला मारल्या असत्या? ज्याला मोडायचंच आहे तो परत जोडायची खूण ठेवत नाही. या माणसाला पुन्हा सगळं होतं तसं करायचं होतं."

काका नखातलं प्लास्टर काढत राहिले.

"मोडायचं नव्हतंच त्याला. त्याला फक्त हवं होतं की नवीचं थोडंसं अडावं. आणि मग कुणालातरी हाक यावी."

"कुणी सांगितलं तुला?" काकांचा आवाज खरखरीत झाला.

"दुधाने."

ते कसनुसे हसले. मग बोलायला लागले तेव्हा थांबेनात. "सकाळी आठला केलं मी. म्हटलं अकराला आपलीच चार माणसं. पाणी चुकेल, पोरगी गडबडेल, तू खाली वाकशील, आठ आटे उलटे फिरवशील, की झालं. सगळ्यांना कळेल हे कुणाचं आहे ते. मी तुझ्याकडे बघत होतो, पोरी. म्हटलं आता वाकेल, आता वाकेल. आणि तेवढ्यात त्या मोठ्या बाई भिंतीपाशी दिसल्या, आणि माझी जीभच टाळ्याला चिकटली."

"आणि तुमचं स्वतःचं काही नव्हतं त्यात?"

"होतं की." त्यांनी मेणाने गुळगुळीत झालेले तळवे पाहिले. "ती म्हणाली, काका, तुम्हाला आता त्रास नाही. तीस वर्षं मला कुणी विचारलं नाही, काका, त्रास होतो का. आणि विचारलं ते हे. पडद्यावरच्या पाण्याचा मला राग आला बघ. पाण्याचा हेवा करणारा माणूस पाहिलास का कधी?"

"मी काय काय पाहिलंय ते विचारू नका," ती म्हणाली. तीन आठवडे रोज, दूध काढायच्या आधी आणि नंतर, याच दारात उभी राहून तिने त्यांच्या कानात ओतलं होतं. तिने खुर्चीची उंची बदलली. तिने माझं रोप फुलवलं. माझं मैदान ती दाखवणार. काकांनी फक्त आटे फिरवले होते. बाकी सगळं तिच्याच घरचं होतं.

"आता काय करायचं?" काकांनी विचारलं. "रेघा पुसून आटे फिरवून ठेवू? कुणाला कळणार नाही."

तिने घड्याळ पाहिलं. चारला पाच मिनिटं कमी. जिन्यावर बुटांचा आवाज येत होता.

"नाही," ती म्हणाली. "राहू द्या कललेलं."

७

"हे काय?" मोठ्या बाईंनी टेबलाच्या कोपऱ्यावरच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"दूध. माझं. म्हणजे बाळाचं." नकाशेवालीने बाटलीवरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं. "बघा, कसं उभं आहे."

बाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, मग कापड वर करून स्वतः टेबलाखाली डोकावल्या. पंपवालेही वाकले आणि म्हणाले, "अरे, हा तर आमचा पंप!"

"टेबल सपाट नव्हतं," नकाशेवाली म्हणाली. "पाणी सोडण्याआधी ते दर वेळी तपासायचं असतं. नवीने तपासलं नाही, कारण मी टिपणात ते लिहिलं नाही. विसरले नाही. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सकाळीच तिच्या लक्षात आलं असतं."

नवीने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत हसू नव्हतं.

"आणि पाय फिरवले कुणी?" बाईंनी विचारलं.

"मी," काका म्हणाले. शाळेतल्या मुलासारखा त्यांनी हात वर केला होता.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "उद्या सकाळी दोघांचेही लेखी खुलासे माझ्या टेबलावर. ते नंतर. आधी मला हे सांगा. टेबलाचे पाय फिरवून तुम्ही पाणी वळवाल. खरी वस्ती काही स्क्रूवर उभी नाही. तिथला उतार एवढाच कलता निघाला, तर?"

नकाशेवालीने मनात आपली मापं चाळली. तिचे उतार दोन वर्षांपूर्वीचे, पुराआधीच्या जुन्या नकाशातले.

"निघणार नाही," नवी म्हणाली. तिने खिडकीजवळच्या टेबलावरून एक जाडजूड वही आणली. "पुराने गाळ टाकला तिथे जमीन वर आली आहे, म्हणून मी सगळं नव्याने मोजलं. प्रत्येक गल्ली, एकशे बारा ठिकाणी. मॉडेलचे रस्ते काकांनी याच मापांवरून पुन्हा केले. शाळेची पायरी चौकापेक्षा हातभर वर आहे आणि मैदानाचं तोंड हातभर खाली. ताईंच्या जुन्या मापांवर गेलो असतो तर चार घरं खरंच बुडाली असती."

हे नकाशेवालीला माहीत नव्हतं. तिला टोचलं, चांगलंच खोलवर टोचलं. आणि त्या टोचण्याच्या आत तिला ती चार घरं दिसली. त्यातल्या एका घराच्या ओट्यावर बसून ती पाणी मागून प्यायली होती.

"मग दाखवा," बाई म्हणाल्या.

काका टेबलाखाली गेले. आटे उलटे फिरवताना ते मोठ्याने मोजत होते, चार आणि चार. कोपऱ्यावरच्या बाटलीतलं दूध हळूहळू सरळ होत रेघेवर आलं. नकाशेवालीने खिळ्यावरची पाणसळ काढली, स्वतः न ठेवता नवीच्या हातात दिली. "मधोमध बुडबुडा आला की झारी उचलायची."

पाणी वरच्या रस्त्यावरून उतरलं, चौकात आलं, क्षणभर थबकल्यासारखं झालं आणि उजवीकडे वळलं. मैदानात निळं तळं साचत गेलं. बाईंनी दुसरी झारी सोडायला लावली, तिसरी सोडायला लावली. शाळा कोरडी राहिली. तिसरीला मैदान काठापर्यंत आलं तेव्हा पंपवाल्यांच्याने राहवेना. "भरल्यावर उपसायला एक पंप लागेलच इथे. मी आधीपासून सांगतोय."

"मग एक द्या," बाई म्हणाल्या आणि पेन काढलं. "एकच."

त्या सही करून गेल्यावर नकाशेवाली नवीजवळ गेली. पण आधी बोलली ती नवीच.

"दहावं पान लिहून द्या मला," ती टिपण पुढे करत म्हणाली, अजून जरा घुश्शातच. "आणि काका, ते पडद्याचं... पडदा कलला तर दुधाची बाटली कुठे ठेवणार? तुम्ही प्लास्टर कालवा."

संध्याकाळी नकाशेवाली घरी पोचली तेव्हा बाळ सासूबाईंच्या मांडीवर जागं होतं आणि त्यांच्या चष्म्याची दांडी चघळत होतं. तिने हात धुतले, बाळाला घेतलं, आणि आणखी धीर सुटायच्या आत बोलून टाकलं.

"आई, तो कसा झोपतो ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. म्हणजे, मुद्दामच. हनुवटी त्याच्या टाळूवर..."

"टेकवायची आणि घुमायचं," सासूबाई म्हणाल्या. "माहितीये मला. चौथ्या दिवशीच कळलं."

ती पाहतच राहिली. "मग रोज फोन कशाला करत होतात? पाय दुखले, फेऱ्या मारल्या..."

सासूबाईंनी बाळाच्या तोंडातून चष्मा सोडवला, पदराने पुसला आणि नाकावर चढवला. "पहिल्या दिवशी तो माझ्याकडे रडला नाही, तर तुझा चेहरा केवढासा झाला होता. म्हटलं, हिला रोज एकदा वाटू दे, माझ्यावाचून अडलंय." मग जरा ओशाळून त्या म्हणाल्या, "आणि तू फोनवर घुमतेस ना, तेव्हा माझाही डोळा लागतो गं. तेवढं बंद नको करूस."